दंडावरचं काळं बटण

प्रिय श्रुती,

फोनवर तू मला तिसरं वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला आहे. राजेशचा ऑफिसमधला मित्र रविवारी दोह्याला परत निघतोय. त्याच्या बॅगेत कुळथाचं पीठ, सोलं आणि हे पाकीट देते आहे. पीठ जावईबापू राजेशचं, सोलं दोघांची, पत्र फक्त तुझं. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला फोन करायचा नाही. मध्येच केलास तर मी उचलणार नाही, वाजू दे किती वाजायचा तो.

आधी निकाल सांगते, मग कारणं. कर्जतच्या त्या ज्येष्ठ निवासात मी जाणार नाही. तू खोली ठरवलीस, तिथल्या मॅनेजरशी बोललीस, खिडकीला मोतिया पडदे सांगितलेस, पुढच्या महिन्यात स्वतः येऊन मला पोचवणार आहेस, सगळं कळलं. बाग छान आहे, चोवीस तास नर्स आहे, लिफ्ट आहे, भजनाला हार्मोनियम आहे, हेही चार वेळा ऐकलं. पण मी खंय जावचंय नाय. मुद्दाम मालवणीत लिहिलं. शुद्ध भाषेत लिहिलं की तुला वाटतं आई अजून विचार करते आहे. मी गव्हाणपाड्यातल्या याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जिन्याच्या टोकाला राहणार आहे. तुझ्या बाबांनी गिरणी बंद पडल्यावर कँटीनमध्ये भांडी उचलून हे घर केलं, ते काही मी कर्जतच्या बागेसाठी कुलूप लावून ठेवायला नाही.

आता तू म्हणशील, हट्ट करू नकोस, आकडे बघ. आकड्यांवरच येते. पण जरा सुरुवातीपासून येऊ दे. सासूबाई म्हणायच्या, वनमाला गोष्ट सांगायला लागली की भात करपतो. आज भात केलेलाच नाही.

गेल्या वर्षीच्या नवरात्रात मी उपासही धरला आणि डायबेटिसची गोळीही घेतली. मूर्खपणा होता, मान्य. भाजी घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी दुकानाच्या पायरीवर बसले. कुणीतरी उसाचा रस पाजला, मी उठून चालत घरी आले. एवढंच झालं. पण कोपऱ्यावरच्या गंधालीने तुला कळवलं आणि तू चौथ्या दिवशी दारात हजर. माझ्या दंडाला तो चकतीसारखा सेन्सर लावलास. तो कातडीखालची साखर मोजतो, पण फोन जवळ नेला तरच सांगतो, हे तुला पुरेना. मग त्याच्यावर बसवायला ते काळं बटण मागवलंस, ट्रान्समीटर. ते दर पाच मिनिटांनी सेन्सर वाचतं, एका वेगळ्या फोनला कळवतं, तो फोन अ‍ॅपमधून तुझ्या फोनला कळवतो, आणि साखर खाली गेली की तुझ्याकडे भोंगा वाजतो. मुलुंडमध्ये माझ्या रक्तात काय चाललंय ते तुला दोह्यात कळतं! मी थक्क झाले होते, खोटं कशाला बोलू. तू जायच्या दिवशी मला सगळं शिकवलंस, सेन्सर बदलला की कुठलं बटण दाबायचं, चार्जिंग कसं करायचं. माझी बोटं चुकली की तू चिडायचीस आणि लगेच हात धरायचीस.

आणि मला तेव्हाच कळलं होतं, हे सगळं कशासाठी आहे ते. तुझे बाबा गेले त्या दुपारी तू दोह्याच्या विमानतळावर रांगेत उभी होतीस. सकाळी ते चहा पिऊन पेपर वाचत होते, तिथेच कोसळले, आणि संध्याकाळी तू उतरलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. कुणाला आधी कळलंच नाही, त्यांना स्वतःलाही नाही. पण तू तेव्हापासून दर भांडणात म्हणतेस, मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. तुला आधी वाजणारी घंटा हवी होती. म्हणून मी ते बटण निमूट लावून घेतलं. तुझ्या बाबांची, लवूची मुलगी आहे, भीती अशीच काढणार, म्हटलं.

पण बाई, तू त्या घंटेचं काय करून ठेवलंस! साखर एकशे ऐंशी झाली की फोन. काय खाल्लंस? किती खाल्लंस? कशाला खाल्लंस? महिला मंडळात मी वाटली डाळ तोंडात घालते न घालते तोच पर्समध्ये फोन थरथरायचा, आणि सगळ्या बायका हसायच्या, वनमालाबाई, आली तुमची सासू. डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, तुम्हाला चोवीस तास मोजायची गरज नाही, सकाळ-संध्याकाळ बोट टोचा, गोळ्या वेळेवर घ्या, उपास बंद. मी तुला सांगितलं तर तू म्हणालीस, ते डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत. चाळीस वर्षं प्रॅक्टिस केलेला माणूस जुन्या वळणाचा, आणि तू मोबाइल बघून डॉक्टर झालीस. मग मे महिना आला. देवगडहून भावाने पेटी पाठवली. मी एक आंबा कापला, एकच, चार फोडी केल्या आणि खिडकीत बसले. दुसऱ्या फोडीला तुझा फोन. मी खोटं बोलले, दुधी खाल्ला. तू म्हणालीस, आई, दुधीने एवढी चढत नाही, चोरून खातेस ना? चोरून! माझ्या घरात, माझा आंबा, माझ्या सुरीने कापलेला! मी फोन ठेवला आणि उरलेल्या दोन्ही फोडी खाल्ल्या. त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली, ती पुढे येईलच.

मग जून उजाडला आणि माझ्या साखरेला वेड लागलं. निदान तुझ्या फोनवर तरी. सकाळी दहाला तीनशे, दुपारी दीडला सत्तर, संध्याकाळी पुन्हा अडीचशे. मध्येच तास तासभर रेघच नाही. तू हादरलीस. सिग्नल का जातो विचारलंस, मी म्हटलं आंघोळीला जाते. तू म्हणालीस, दुपारी एक वाजता कसली आंघोळ? आणि रोज? दीड वाजता काय करतेस की साखर धाडकन पडते, तर मी म्हटलं, जिने चढते. तू मला जिने चढायची बंदी केलीस. एका आहारतज्ज्ञ मुलीला व्हिडिओवर बसवलंस, तिने मला भाकरीऐवजी काहीतरी परदेशी दाणे खायला सांगितले. मी हो म्हटलं आणि भाकरी थापली. एकदा तू व्हिडिओवर म्हणालीस, दंड दाखव, नीट चिकटलंय का बघू. मी आत गेले, बाबांच्या जुन्या रेनकोटचं काळं बटण कापलं, चिकटपट्टीने दंडाला लावलं आणि लांबूनच दाखवलं. तू म्हणालीस, छान बसलंय. मी पदर तोंडाशी धरला, तुला वाटलं मला खोकला आला.

हसू नकोस. किंवा हस, पण पुढे वाच. मी चेष्टा करायला हे करत नव्हते.

आमच्या समोरच्या घरात दोन वर्षांपूर्वी प्रबुद्ध आणि नीलम राहायला आले, हे तुला सांगितलं होतं. मूळचे जालन्याकडचे. प्रबुद्ध साकीनाक्याला रबराचे वॉशर बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर असतो, नीलम ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये. त्यांची एकुलती एक चेतना, अकरा वर्षांची, पायात चाकं असल्यासारखी. खो-खो खेळते. जिना ती कधी चालत उतरलेली मी बघितली नाही. मार्चमध्ये ती एकदम सुकायला लागली. माझ्याकडे येऊन तांब्यावर तांब्या पाणी प्यायची आणि पुन्हा तहान. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला उलट्या झाल्या, श्वास लागला, हॉस्पिटलात नेलं तर साखर यंत्रात मावेना. टाइप वन. मला आहे तसला नव्हे. शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, जन्मभर टोचून घ्यायचं. आणि आपल्या इमारतीतल्या शहाण्या बायका काय म्हणाल्या असतील? चॉकलेटं खाऊ घातली असतील. एवढ्या लहान वयात म्हणजे काहीतरी खोट असणार. मुलीची जात, पुढे लग्नाचं कसं? मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की तुमच्यापैकी कुणाकुणाची साखर मोजू या आत्ता? दोघी लगेच वर गेल्या. एक अजून माझ्याशी बोलत नाही, बरं चाललंय.

त्या पोरीच्या दंडावरही डॉक्टरांनी तोच चकतीचा सेन्सर लावला होता. पण नुसता सेन्सर. फोन जवळ धरला तर आकडा दिसायचा, नाहीतर नाही. अकरा वर्षांचं पोर वर्गात कितीदा धरणार? आणि साखर पडायला लागली की आधी डोकंच चालेनासं होतं, मग आठवण कुणाला राहते? नीलम नोकरी सोडायच्या विचारात होती, शाळेच्या दारात बसते म्हणाली. आंब्यावरून आपलं भांडण झालं ना, त्या संध्याकाळी मी रागाने माझ्या दंडावरचं ते बटण उपटून टेबलावर टाकलं. चेतना पाणी प्यायला आली. तिने ते उचललं, उलटसुलट केलं आणि आपल्या दंडावरच्या सेन्सरवर ठेवून बघितलं. अगदी फिट. आजी, हे माझ्यावर पण बसतं, म्हणाली.

तर श्रुतिका लवू परब, जूनपासून तू जी साखर बघते आहेस ती माझी नाही. सेन्सर माणसाच्या अंगात असतो, बटण नुसतं वर बसतं. ज्याच्या सेन्सरवर ठेवाल त्याची साखर ते सांगतं, खाली म्हातारी आहे की शाळकरी पोर ते त्याला कळत नाही. दहा वाजताचे तीनशे हे मधल्या सुट्टीतल्या डब्याचे. एक वाजता रेघ तुटते कारण तो वेगळा फोन दप्तरात असतो आणि चेतना मैदानावर, तेवढ्या लांब ते बटण पोचत नाही. दीडचे सत्तर हे खो-खोचा सराव संपल्यावरचे. तू मला जिने चढायची बंदी केलीस ती एका खेळाडूच्या पायांमुळे! ऑगस्टमध्ये एक दिवस रेघ सरळ राहिली, एकदाही शंभरच्या खाली नाही, एकशे साठच्या वर नाही. तू व्हॉइस मेसेज पाठवलास, शाब्बास आई, मला माहीत होतं तुला जमेल, मी आज किती खूश आहे. तो मेसेज मी तिला ऐकवला. त्या दिवशी तिने प्रत्येक घासाआधी हिशोब करून इन्सुलिन घेतलं होतं, पहिल्यांदाच, एकटीने. तिने तो इतक्या वेळा लावायला सांगितला की माझा पाठ झाला. ताई मला शाब्बास म्हणाली, असं ती आईला सांगत होती. तू ओरडलेले मेसेज मात्र मी ऐकवले नाहीत. ते माझेच म्हणून ठेवून घेतले.

प्रबुद्ध सहजासहजी तयार झाला नव्हता. स्वाभिमानी माणूस आहे. तू पाठवलेले सेन्सर मी पुढे केले, म्हटलं पडून पडून मुदत संपेल. त्याने दोन घेतले आणि पुढच्या महिन्यात तसेच दोन, नवे, पिशवीत घालून परत आणून दिले. ते अजून माझ्या कपाटात आहेत. बटण आणि त्याचा तो वेगळा फोन मात्र घेतला. तिच्या डॉक्टरांना बटण दाखवून आणलं, ते म्हणाले चालेल, पण शंका आली की बोट टोचून बघायचंच. मग त्याने आपल्या कारखान्यातल्या रबराचा एक पट्टा केला, पळताना बटण निसटू नये म्हणून. त्या दोघांना मी सांगितलंय, श्रुतीला सगळं माहीत आहे, तिनेच द्यायला सांगितलं. नीलम दर सणाला म्हणते, ताईंना आमचा जयभीम सांगा. मी तो तुला कधी पोचवला नाही. आता घे, पाच-सहा एकदम आहेत.

शाळा सुरू झाली तेव्हाचं तर विचारूच नकोस. मोबाइल आणायचा नाही असा नियम. खो-खोच्या संघातूनही तिला काढलं, कारण काय तर जबाबदारी कोण घेणार. नीलमला सुट्टी मिळेना, प्रबुद्ध मुख्याध्यापकांसमोर बोलताना चाचरतो, म्हणून मी गेले. ते म्हणाले, आपण मुलीच्या कोण? मी म्हटलं, समोरचं दार. त्यांना कळलं नाही, पण पुढे विचारायचं धाडस झालं नाही. मी सांगितलं, हा मोबाइल नाही, औषध आहे, तुमच्या खिशातला चष्मा आहे तसं. त्यांनी बघतो म्हटलं. मी म्हटलं, बघा, मी बसते. दुपारपर्यंत बसले. पर्समधून डबा काढून तिथेच जेवले. शेवटी खेळाच्या नलिनीबाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, फोन दप्तरात राहील, जबाबदारी माझी, मुलीला खेळू द्या, मला तिची गरज आहे. लेखी परवानगी घेऊनच मी उठले. तू म्हणतेस ना की आई आता खचत चालली आहे, एकटीने काही निभावत नाही. त्या मुख्याध्यापकांना एकदा फोन करून विचार.

आता ती दुपार. तुला आठवते, मलाही आठवते, पण आपल्या दोघींची दुपार वेगवेगळी आहे. गौरी-गणपती होऊन गेले होते. चेतना सरावाहून आली, दमली होती, न जेवता पलंगावर पडली. घरात कुणी नाही. नीलमचा फोन कामाच्या वेळी लॉकरमध्ये असतो, आत न्यायला बंदी. प्रबुद्धचा खिशात असतो, पण मशीनच्या आवाजात त्याला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. माझ्या फोनवरही ते अ‍ॅप टाकलंय, पण आपला स्वस्तातला फोन बॅटरी वाचवायला ते परस्पर बंद करून टाकतो, आणि मी आडवी झालेले. तुझा फोन आला. आई, पंचावन्न, खाली चाललीये, ऊठ, साखर खा, ऊठ! मी उठले. चप्पल नाही, पदर नाही, त्यांची किल्ली घेतली आणि दार उघडलं. पोर घामाने भिजलेली, डोळे अर्धवट, मला म्हणते, बाई, मी आउट नाही, मी आउट नाही. तिला उठवून बसवलं, ग्लुकोजचं पाणी चमच्या-चमच्याने पाजलं, मग पेला तोंडाला लावला. तू स्पीकरवर होतीस. आई, तुला धाप लागलीये, बोलू नकोस, नुसतं पी. प्यायलीस? संपवलंस? मी म्हटलं, हो, प्याले, संपवलं. तू पंधरा मिनिटं फोन सोडला नाहीस. आकडा वर यायला लागला तशी तू रडायला लागलीस, आणि इकडे चेतना डोळे नीट उघडून मला म्हणाली, आजी, भूक लागली. मी तोंडावर बोट ठेवलं. तुझं रडणं ऐकत तिला दूध-पोळी भरवली. बाबांच्या वेळी जो वेळ तुला मिळाला नाही, तो त्या दुपारी तू एका आईबापाला मिळवून दिलास, आणि तुला त्याचा पत्ताच नाही. मला तुझा इतका अभिमान वाटला की सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्याच दिवशी तू कर्जतला फोन लावलास.

तू विचारशील, तेव्हाच का नाही सांगितलंस? नाही सांगितलं. आणि माफीही मागणार नाही. मला वाटलं, तुला कळलं की तू भोंगा बंद करशील. दुसऱ्याच्या मुलीसाठी ऑफिसच्या मीटिंगमधून उठशील का, याची मला खात्री नव्हती. स्वतःच्या लेकीबद्दल असं वाटावं याचं मला वाईट वाटतं, पण तू तरी मला कधी विचारलंस, की शेजारी कोण आहे, कशी आहेत? माझी साखर सोडून तू वर्षभरात माझ्याबद्दल काही विचारलेलं मला आठवत नाही. जेवलीस का विचारायचीस ते आकडा लावायला. मी एक रेघ झाले होते, श्रुती, वर गेली की तुझा राग आणि खाली गेली की तुझी भीती. त्या रेघेतून मी बाहेर पडले, मोकळी झाले. भाकरी खाते, सकाळी फिरते, गोळ्या वेळेवर घेते, उपास कायमचा सोडला. बोट टोचून माझी साखर सकाळी एकशे तीसच्या आसपास असते, तीन महिन्यांचा रिपोर्टही चांगला आला. डॉक्टरांचा नंबर तुझ्याकडे आहे, त्या जुन्या वळणाच्या माणसाला विचार. पुढच्या महिन्यात ये, जरूर ये, पण मला न्यायला नको, राहायला ये. जिने चढून ये.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते. कर्जतला जायचं नाही हे तर मी फोनवरही ओरडून सांगितलं असतं, त्याला कुळथाच्या पिठाची सोबत कशाला हवी होती. परवा तू म्हणालीस, आई तिकडे गेली की नर्स बघेल, मग मी ते अ‍ॅप काढून टाकीन, मलाही जरा झोप लागेल. तेव्हापासून मला झोप नाही. पुढच्या आठवड्यात चेतनाचे आंतरशालेय सामने सुरू होतायत, पहिल्याच डावात तिला धावायचंय, आणि तिची आई लॉकरच्या अलीकडे, बाप मशीनच्या पलीकडे असणार. मी मैदानावर असेनच, पण मला दिसतं ते वरवरचं, तुला दिसतं ते आतलं. म्हणून मी तुझ्यापाशी आयुष्यात पहिल्यांदा काही मागते आहे, आणि विनंती म्हणून नाही, आई म्हणून मागते आहे. अ‍ॅप काढू नकोस. तुझ्या फोनवर त्या रेघेच्या वर माझं नाव आहे, ते पूस आणि तिथे चेतना लिही. भोंगा वाजला की पूर्वीसारखाच फोन कर, तितक्याच घाईने, तितकीच घाबरून, मी उचलेपर्यंत सोडू नकोस. फक्त आई, ऊठ, असं म्हणू नकोस. आई, धाव, असं म्हण.

तुझीच,
आणि कुणी कितीही ओढली तरी इथेच राहणारी,
आई